कॅपिटल डी अन् लातूरचे मुनीमजी

सोयाबीनच्या सीझनातली गोष्ट. आम्ही संभाजीनगरला सिडकोत पाच जण मिळून आडत दुकानांचं बिलिंग सॉफ्टवेअर करतो. लातूरच्या एका आडतीत शेतकऱ्याच्या पट्टीत तोलाई दोनदा कापायली होती, त्याच्यावर मी तीन दिवस बसलो होतो, वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या फांदीवर), पुश काही केलं नव्हतं, म्हणजे सर्व्हरवर काहीच चढवलं नव्हतं.

शनिवारी दुपारी जरा रिकामा होतो म्हणून गिटची (कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) साफसफाई काढली. बघतो तर टेस्ट, टेस्ट-२, फायनल, फायनल-खरं (सगळं माझंच बरं का) असल्या चाळीसेक ब्रँचेस. धडाधड उडवायलो. एका ठिकाणी गिट अडलं, ही पूर्ण मर्ज झालेली नाही, म्हणजे तिच्यातलं काम दुसरीकडं मिसळलेलं नाही म्हणलं, आणि उडवायचीच असंल तर कॅपिटल डी वापर हेही त्यानंच खाली लिहून दिलं. म्हणजे कुलूप लावायचं अन् किल्ली कडीलाच अडकवायची! नाव न वाचता तीच ओळ कॉपी केली, एंटर. वरून हुरूप आलेला म्हणून गिट क्लीनपण मारलं, एफ-डी लावून, म्हणजे गिटच्या नोंदीत नसलेल्या फाईली अन् फोल्डरपण साफ.

तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टर चार दिवसापासून बंद. ब्रँच उडवल्यावर गिट तिच्या शेवटच्या कमिटचा (जतन केलेल्या बदलाचा) नंबर दाखवतं, तो टर्मिनलसोबतच गेला. लाईट आल्यावर तोलाईची ब्रँच उघडाय गेलो तर ती दिसंना. हातपायच गळाले.

"रीफ्लॉग बघ की, रडायलास कशाला," आमच्या सिनियर ताई म्हणल्या. ब्रँच म्हणजे कमिटला लावलेली नुसती चिठ्ठी, चिठ्ठी फाडली म्हणून माल लगेच जात नाही, हेड (आपण सध्या कुठल्या कमिटवर आहोत ती खूण) कुठं कुठं फिरलं ते रीफ्लॉगमध्ये राहतं, अशा बेवारस कमिटच्या नोंदीपण सेटिंग बदललं नसंल तर ३० दिवस. वरून सहाव्या ओळीत सापडलं, 'तोलाई फिक्स'. त्या नंबरावरून नवी ब्रँच काढली, झालं.

पण रेटची फाईल? हमाली, तोलाई, वाराई, सगळे दर त्यात होते अन् ती क्लीनमध्ये गेली.

"ॲड तरी केली होतीस का?"

"नाही."

"मग गेली." ॲड केली असती, म्हणजे गिटच्या ताब्यात दिली असती, तर एफएससीकेनं (गिटमधलं बेवारस पडलेलं शोधायची कमांड) तरी हुडकता आली असती म्हणे. क्लीनला आधी एन लावून काय काय उडणार ते बघायचं असतं, हेही मला तेव्हाच कळलं.

मुनीमजींना फोन लावला. "अहो सर, परवाच तर सांगितले की सगळे!" मागं हमालांचा गलका चालू. तीन दर सांगितले अन् "थांबा, गाडी लागली" म्हणून फोन तसाच ठेवून गेले. ते परत येईपर्यंत मी तीन ओळींची फाईल कमिट करून पुशपण करून टाकली.