पीओपी न फोडता प्रोजेक्टरपर्यंत पिक्चर नेला, माझा अनुभव

गंगापूर रोडला आमचा फ्लॅट, हॉल लांबुळका. प्रोजेक्टर मागच्या भिंतीला टांगलेला आणि सेटटॉप बॉक्स, प्लेस्टेशन, ॲम्प्लिफायर सगळं पुढे पडद्याखाली, मध्ये अठरा-वीस फूट. सरळ उपाय म्हणजे पीओपीतून एचडीएमआय केबल ओढायची, पण रंगकाम नुकतंच झालेलं आणि आईने आधीच बजावून ठेवलेलं की आता भिंतीला कोणी छिन्नी लावून तर बघा. मग काय, वायरलेस.

सुरुवात मिराकास्टने, म्हणजे स्क्रीन वायफायवरून दुसरीकडे दाखवायच्या सोयीने, केली कारण लॅपटॉपमध्ये ते होतंच, प्रोजेक्टरला फक्त एक डोंगल लावला. पिक्चर येतो, नाही असं नाही. पण फुल एचडी, सेकंदाला ६० फ्रेम, असा कच्चा व्हिडिओ म्हणजे सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट डेटा, घरच्या वायफायला एवढं झेपत नाही, म्हणून मिराकास्ट आधी तो एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये दाबून बारीक (कॉम्प्रेस) करतं, पाठवतं आणि पलीकडे परत उलगडतं. यात शे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. सिनेमाला कळत नाही, आवाजही तेवढाच उशिरा येतो ना. पण पोरगा लॅपटॉपवर क्रिकेटचा गेम खेळायला बसला की बॉल स्टंपात गेल्यावर याची बॅट फिरायची. शिवाय सेटटॉप बॉक्सला मिराकास्ट नाहीच, तो प्रश्न तसाच राहिला.

एम.जी. रोडला चार दुकानं फिरलो. सगळीकडे 'वायरलेस एचडीएमआय' लिहिलेले डबे दाखवतात, आतून कॉम्प्रेस करणारा कुठला आणि न करणारा कुठला हे खोक्यावर लिहिलेलंच नसतं. लेटन्सी, म्हणजे पिक्चर पोचायला लागणारा उशीर, किती विचारलं तर उत्तर, "भाऊ, पिक्चर एकदम क्लिअर येतो." घेणाऱ्याने हाच प्रश्न धरून बसावं असं माझं मत, रेंज किती हे नंतर.

मग इंदिरानगरच्या एका मित्राकडून जुना ६० गिगाहर्ट्झवाला किट आणला, वायरलेसएचडी नावाचं स्टँडर्ड, २००८ चं. या फ्रिक्वेन्सीला जागाच इतकी मोकळी की कॉम्प्रेस करायची गरज पडत नाही. पिक्चर बघून खरंच वाटलं की केबलच लावलीय. पण लहर जेमतेम ५ मिलिमीटरची, भिंत तर सोडाच, माणूस मध्ये आला तरी अडते. आणि आमच्याकडे मॅच म्हणजे कोणी चहा आणतंय, कोणी चिवड्याचा डबा फिरवतंय, शेवटच्या ओव्हरला बाबा पाणी प्यायला उठले आणि पडदा काळा. ट्रान्समीटर उंच शेल्फवर ठेवल्यावर बराच फरक पडला, पण घरात एवढं उंच आणि मोकळं शेल्फ एकच, तिथे गणपतीची मूर्ती, तो विषय तिथेच संपला.

खरी वाट सापडली ती लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे. औरंगाबाद रोडच्या लॉन्समध्ये स्टेजवरचा कॅमेरा केबलशिवाय एलईडी वॉलला फीड देतो ते बघितलंच असेल. त्या धंद्यातल्या मित्राकडे डब्ल्यूएचडीआय या दुसऱ्या वायरलेस स्टँडर्डचा किट होता, लग्नसराई संपलेली, म्हणाला ने पावसाळाभर. याची चिप ॲमिमॉन नावाच्या इस्रायली कंपनीची, ५ गिगाहर्ट्झवर चालते, ४० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये १०८०पी बसवते आणि उशीर एका मिलिसेकंदाहून कमी. हे कसं जमवलं ते मला फार आवडलं. हजार रुपयांच्या आकड्यात पहिला १ चुकला तर सगळंच गेलं, शेवटचं शून्य चुकलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, तसं हा किट प्रत्येक पिक्सेलचे महत्त्वाचे बिट जास्त जपून पाठवतो आणि बारीकसारीक बिट जमेल तसे. त्यामुळे सिग्नल कमजोर झाला तर पिक्चर फुटत नाही, जरा मुंग्या येतात, बस. मध्ये माणसं आली तरी फरक नाही, बेडरूमच्या भिंतीपलीकडूनही चालवून बघितला, चालला.

त्रास दिला तो शेजारपाजारच्या राउटरांनी. आता बिल्डिंगमध्ये घरटी फायबर, सगळे ५ गिगाहर्ट्झवर. संध्याकाळी मुंग्या वाढायच्या. आमचा राउटर ऑटोवर होता, तो हाताने ३६ नंबर चॅनेलला बसवला, त्यानंतर किटला वर मोकळी जागा मिळाली आणि मुंग्या गेल्या.

आवाजाचं मात्र वेगळंच. आवाज प्रोजेक्टरकडे पाठवायचाच नाही, ॲम्प्लिफायर पुढेच आहे, त्यामुळे सेटटॉप बॉक्समधून ॲम्प्लिफायर आणि त्याच्या आउटला ट्रान्समीटर. पण प्रोजेक्टर स्वतः चित्रावर प्रक्रिया करण्यात थोडा वेळ खातो, म्हणजे आवाज आधी आणि ओठ नंतर. हे फार खुपतं कारण प्रत्यक्षात असं कधी घडतच नाही, मैदानातसुद्धा बॅटचा आवाज फटका दिसल्यानंतरच येतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत पण हेच, आवाज साधारण ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला कळतं, मागे राहिला तर सव्वाशेपर्यंत खपून जातं. ॲम्प्लिफायरमध्ये लिप सिंक नावाची सेटिंग असते, बातम्यांचं चॅनेल लावलं आणि निवेदिकेचे प, ब, म चे ओठ मिटताना बघत बघत ती वाढवत गेलो. बायको म्हणाली बातम्या इतक्या मन लावून बघताना पहिल्यांदाच बघतेय. मागच्या स्पीकरना ब्लूटूथ लावायचा विचार सोडला, त्याचा उशीर वेगळाच, त्यांना स्कर्टिंगच्या कडेने साधी वायर टाकली.

आणि हो, किटच्या दोन्ही डब्यांना ॲडॅप्टर लागतो, म्हणजे प्रोजेक्टरपाशी एक जादा प्लग पॉइंट हवाच. लाइट जाऊन आली की दोघं एकमेकांना शोधायला जरा वेळ घेतात, तेवढ्यात एखादी विकेट जाते. रिमोटचा सिग्नल उलटा नेणारी आयआर वायर काही किटबरोबर येते, बॉक्स दुसऱ्या खोलीत असेल तर ती असलेलाच घ्या.

४के ला हा किट चालणार नाही. त्या वेळी ऑप्टिकल एचडीएमआय केबल घेईन, वीस-तीस मीटरलाही सिग्नल पडत नाही, फक्त तिची टोकं ठरलेली असतात, उलटी लावली तर काहीच येत नाही. पण ती पीओपीतून न्यावी लागेल, आईची परवानगी अजून नाही. तुळशीचं लग्न झालं की मित्र किट परत नेणार, म्हणून सध्या शूटिंगवाल्यांच्या ग्रुपवर सेकंडहँड किटसाठी विचारून ठेवलंय.