खरी तारीख सोडून काहीही लिहून मिळेल

नोकरीच्या जाहिरातीत किमान तीन वर्षांचा अनुभव मागितला होता आणि माझा तीन वर्षं दोन महिन्यांचा होता. म्हणजे खोटं बोलायचं काही कारणच नव्हतं. तरी पुढचे कित्येक आठवडे जो तो मला एकच सांगत होता, खोटं लिही आणि मोकळा हो. त्यातही सगळ्यांत जास्त आग्रह करणारा माणूस म्हणजे, ज्याच्याकडं मी खरोखर नोकरी केली तोच. त्या कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचा घोळ कळणार नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर जून २०२१ मध्ये कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, मशीन शॉपमध्ये क्वालिटीला लागलो. मशीनवरून कास्टिंग उतरलं की बोअर, म्हणजे त्यातलं भोक, बघायचा, फेस बघायचा, रिपोर्ट भरायचा, रिजेक्शनला लाल रंग मारून बाजूला ठेवायचं. गेट फौंड्रीचं, कॅन्टीन फौंड्रीचं, शिव्या फौंड्रीच्या साहेबांच्या. पगार तेवढा कॉन्ट्रॅक्टरचा. शिरोली घ्या, गोकुळ शिरगाव घ्या, कागलची फाइव्ह स्टार एमआयडीसी घ्या, माझ्यासारखी पोरं ढिगानं आहेत. कुठं कामाला आहेस म्हटलं की फौंड्रीचं नाव सांगतात आणि पीएफच्या पासबुकात निघतं भलतंच कुठलं तरी एंटरप्रायजेस.

ऑगस्ट २०२४ मध्ये मी काम सोडलं. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि घरचा ऊस तोडणीला यायचा होता. पुढच्या वर्षी पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा नोकरी शोधायला लागलो आणि फाइव्ह स्टारमधल्या एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू झाला. तो फार सोपा गेला. तिथल्या साहेबांनी टेबलावर एक हाऊसिंग आणि बोअर गेज (भोकाचं माप घ्यायचं साधन) ठेवलं आणि म्हणाले, साइज सांग. मी मायक्रोमीटरवर गेज सेट केलं, बोअरमध्ये घालून पुढंमागं झुलवलं आणि काटा जिथून परत फिरतो तिथलं रीडिंग सांगितलं. मग नोकरीतल्या गॅपचं विचारलं, मी ऊस आणि गुडघा दोन्ही सांगून टाकलं. त्यांच्याही घरी ऊस असावा, कारण पुढं एफआरपीवरच, म्हणजे उसाच्या सरकारी दरावरच, बोलणं गेलं. माझ्या मते अनुभव तपासायचा तर असाच तपासावा. पण निवड झाल्यावर आला व्हेरिफिकेशनचा फॉर्म, आणि त्या फॉर्मला बोअर गेज कळत नाही.

फॉर्म बेंगळुरूच्या एका एजन्सीचा. कंपनीचं नाव, यूएएन (म्हणजे पीएफचा नंबर), रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, अनुभवाचं पत्र जोडा. मी पीएफच्या पोर्टलवर जाऊन सर्व्हिस हिस्टरी उघडली. रुजू तारीख एप्रिल २०२२. सोडल्याची तारीख कोरी.

म्हणजे सरकारी रेकॉर्डप्रमाणं माझे पहिले दहा महिने झालेच नव्हते आणि सोडून वर्ष होत आलं तरी मी अजून तिथंच कामाला होतो. पत्र तर कधी मिळालंच नव्हतं.

मित्रांच्या ग्रुपवर टाकलं. “आरं, तीन वर्षं लिही की, कोण बघतंय,” हे पहिलं उत्तर. दुसऱ्यानं पुण्यातल्या एकाचा नंबर दिला. त्याला फोन केला, कबूल करतो, नुसतं ऐकायला म्हणून. लेटर, सॅलरी स्लिपा आणि चौकशीचा फोन आला तर उचलायला एचआर, असं सगळं पॅकेज. गुन्हा नाही का हा, असं विचारलं तर हसला. गुन्हा आहेच. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली तरी खोटा कागद बनवणं गुन्हा आहे आणि तो खरा म्हणून वापरणं हाही वेगळा गुन्हा आहे. त्यात गंमत अशी की माझ्याच खऱ्या दहा महिन्यांसाठी मला दुसऱ्याच्या कंपनीचा खोटा कागद विकत घ्यायचा होता.

आता कॉन्ट्रॅक्टरचं ऑफिस. शहरातल्या एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर. एक मॅडम, एक कॉम्प्युटर, गणपतीचा फोटो, आणि साहेब साइटवर. साहेब कायम साइटवर. मॅडमचं वागणं चांगलं होतं, त्यांच्यावर राग नाही. पण सही साहेबांची, शिक्का साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली साहेबांच्या गाडीच्या किल्लीला. पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाल्या अर्ज द्या. अर्ज दिला. पुढच्या वेळी अर्ज सापडेना. मग लेटरहेड संपलेलं. मग लेटरहेड आलं, पण त्यावर जुना पत्ता छापून आला म्हणून प्रेसला परत. इकडं एजन्सीची मेल दर दोन दिवसांनी, ‘आपली माहिती अपूर्ण आहे’. हायवेवरच्या तावडे हॉटेलच्या फाट्यापासून आत शहरात यायचं आणि मॅडमच्या समोर बसून पंख्याकडं बघायचं, हाच माझा उद्योग झाला.

(इथंच एक सांगून ठेवतो, अर्जाची पोच घ्या. दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सही. मी दुसऱ्या अर्जापासून घेतली आणि मग मात्र अर्ज हरवायचा बंद झाला.)

शेवटी एकदा साहेब सापडले. चहा मागवला. माणूस बोलायला गोड.

“किती वर्षं लिहू सांग. पाच लिहू?”

“साहेब, जून २०२१ ते ऑगस्ट २०२४ लिहा. आहे तेवढंच.”

“ते २०२१ चं नको. एप्रिल २०२२ पासून लिहितो.”

“पण मग तीन वर्षं भरत नाहीत.”

“मग पुढनं ओढू. मे २०२५ ला सोडलं म्हणून लिहितो. तुझा गॅप पण भरतोय, वर्षं पण भरत्यात. हाय काय नि नाय काय. पोस्ट सिनियर क्वालिटी इंजिनिअर टाकू, पगार तीस हजार टाकू. पोराचं भलं होत असंल तर आपलं काय जातंय?”

मी परत तेच म्हटलं, नुसती खरी तारीख लिहा. चहा संपला आणि गोडवाही. “दुसरं काय पण लिहून घे, ती तारीख मिळायची नाही.”

कारण काय ते बाहेर आल्यावर, जिन्यात, माझ्या लक्षात आलं. त्या दहा महिन्यांचा पीएफ त्यानं भरलेला नव्हता. जून २०२१ असं स्वतःच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानं लिहून देणं म्हणजे पीएफ बुडवल्याचं स्वतःच्या हातानं लिहून देणं. मे २०२५ च्या खोटेपणाची त्याला भीती नव्हती, कारण तो खोटेपणा निस्तरायला मी होतो. पुढच्या वेळी मी सरळ विचारलं, तर म्हणाला, “तवा आमची वीस माणसं नव्हती, पीएफ लागत नव्हता.” ऐकायला बरोबर वाटतं, कारण पीएफला वीस माणसांची अट आहेच. पण तेव्हा लागू असलेल्या १९५२ च्या पीएफ कायद्यात कॉन्ट्रॅक्टरमार्फत लावलेला माणूसही त्या मूळ कारखान्याचाच कामगार धरला होता, आणि फौंड्रीत शेकड्यानं माणसं होती. हे मी त्याला म्हटलं. म्हणून मग पुढचे काही दिवस साहेब पुन्हा साइटवर.

पुढं ओढलेली तारीख मी का घेतली नाही, असं नंतर घरच्यांनीही विचारलं. साधूपणा वगैरे काही नाही. पीएफच्या पासबुकात शेवटचा भरणा ऑगस्ट २०२४ चा दिसतो आणि दर महिन्याचा पीएफचा पगारही छापलेला असतो. माझा होता साडेतेरा हजार. तीस हजाराचं पत्र आणि साडेतेराचं पासबुक एकाच फॉर्मला जोडायचं म्हणजे आपणच आपल्या विरुद्ध साक्ष द्यायची. शिवाय गॅप इंटरव्ह्यूत सांगून बसलो होतो. आणि खरं सांगायचं तर डोकं फिरलं होतं. उन्हाळ्यात भट्टीच्या बाजूच्या शेडमध्ये उभं राहून काढलेले महिने होते ते. ते पुसायचे आणि त्यांच्या जागी मी घरी ऊस बघत होतो ते महिने अनुभव म्हणून लावायचे, हे मला पटेना.

वाट सापडली ती ईएसआयमुळं, म्हणजे कामगार विम्यामुळं. पहिल्या महिन्यापासून माझ्या पगारातून पाऊण टक्का कापला जायचा, कारण फौंड्रीच्या गेटवर ईएसआयचा नंबर असल्याशिवाय पासच बनवत नसत. ईएसआयला दहा माणसांची अट पुरते. कार्ड आईच्या पेटीत होतं, लग्नाच्या पत्रिकांखाली. नोंदणी जून २०२१. ईएसआयच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन केलं की कुठल्या महिन्याचा भरणा झाला तेही दिसतं. सगळे दहा महिने तिथं होते, कॉन्ट्रॅक्टरच्याच नावानं. तो दिवस मी मिसळ खाऊन साजरा केला, दोन प्लेट.

सोडल्याची तारीख तर मला कॉन्ट्रॅक्टरकडं मागायचीच गरज नव्हती, हे तेव्हाच कळलं. २०२० पासून ती कामगाराला स्वतः भरता येते. पीएफच्या पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एग्झिट’, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी, झालं. शेवटच्या भरण्याला दोन महिने होऊन गेलेले पाहिजेत आणि तारीख त्याच शेवटच्या महिन्यातली पाहिजे. नीट बघून भरा, एकदा भरलेली तारीख सहजासहजी बदलत नाही. मॅडमनी मला याच तारखेसाठी कितीदा “सोमवारी या” म्हटलं होतं.

पगाराचं बँक स्टेटमेंट शाखेतून शिक्का मारून आणलं. सुरुवातीचा पगार रोख होता, तो काही त्यात आला नाही, पण पुढचे महिने आले. आणि फौंड्रीतल्या आमच्या क्वालिटीच्या साहेबांना भेटलो. ते पत्र देऊ शकत नव्हते, मी त्यांच्या पटावर नव्हतोच. पण कंपनीच्या मेल आयडीवरून चार ओळी लिहिल्या, की हा मुलगा अमुक कॉन्ट्रॅक्टरमार्फत जून २०२१ पासून आमच्या मशीन शॉपमध्ये फायनल इन्स्पेक्शनला होता. मागितल्यापासून अर्ध्या तासात. एवढं साधं असतं ते.

कॉन्ट्रॅक्टरचं पत्रही मिळालं शेवटी, एप्रिल २०२२ ते ऑगस्ट २०२४. मी घेतलं. त्यात जे होतं ते खरं होतं, नुसतं अपुरं होतं. फॉर्ममध्ये नोकरी देणारा म्हणून कॉन्ट्रॅक्टरचं नाव टाकलं आणि कामाच्या वर्णनात फौंड्रीचं. बायोडेटातही आता तसंच आहे. नुसतं फौंड्रीचं नाव लिहिणारी पोरं खोटारडी आहेत असं मी म्हणणार नाही, घाम तिथंच गाळलेला असतो. पण एजन्सी फौंड्रीच्या एचआरला फोन करते, आणि तो यादी बघून सांगतो की असा कुणी इथं नव्हता. मग खरं काम केलेला माणूस खोटा ठरतो. रुजू तारखेच्या रकान्यात जून २०२१ लिहिलं, खाली शेऱ्यात पीएफ एप्रिल २०२२ पासून का ते दोन ओळींत, आणि सोबत ईएसआय, स्टेटमेंट, मेल. एजन्सीचा एकच फोन आला, ईएसआय नंबरातला एक आकडा पुसट दिसतोय म्हणून.

तुमचं पहिलं वर्ष १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली गेलं असेल तर त्याचा पीएफ नसतोच, त्यात कुणाची लबाडी नाही. ते अप्रेंटिसशिप म्हणूनच लिहा आणि सर्टिफिकेट जोडा. अप्रेंटिसचा शिक्का नको म्हणून ‘ज्युनिअर इंजिनिअर’ लिहिणारे मी पाहिलेत.

आणि हो, तो पुण्याचा नंबर देणारा मित्र. त्यानं स्वतः तेच पॅकेज घेतलं होतं आणि तो आजही त्या नोकरीवर आहे, पगार माझ्यापेक्षा जास्त. त्याला पकडलं वगैरे असं काही मी सांगणार नाही, कारण पकडलेलं नाही. फक्त कंपनी बदलायचा विषय निघाला की तो बोलणं दुसरीकडं नेतो.

मी रुजू झालो. गेटवर फोटो काढून पास दिला, त्याच संध्याकाळी झेरॉक्स काढून ठेवली, जुन्या ईएसआय कार्डाशेजारी. राहिला तो दहा महिन्यांचा पीएफ. त्याची तक्रार ईपीएफआयजीएमएस नावाच्या पोर्टलवर घरबसल्या करता येते. मजकूर लिहून ठेवलाय, पुरावे तर आता माझ्याकडं फाइल करून तयारच आहेत. कॉन्ट्रॅक्टरला फोन करून तसं सांगितलं. साहेब त्या दिवशी साइटवर नव्हते, पहिल्याच रिंगला उचलला.