विषय सुचवा ना, मॅडम!

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात, "मॅडम, शैक्षणिक संशोधन करायचंय, एखादा विषय सुचवा ना." पूर्वी मी सुचवायचे. मग "अमुक इयत्तेच्या विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादनावर तमुक पद्धतीच्या परिणामकारकतेचा अभ्यास" अशा लांबलचक शीर्षकाचा, छान बांधणी केलेला अहवाल हातात यायचा, आणि तो लिहिणारी व्यक्ती वर्गात जाऊन पूर्वीसारखंच शिकवायची. आता मी विषय देत नाही. शिष्ट समजा हवं तर.

विषय तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यात असतो. माझा तिथेच सापडला. हातच्याची वजाबाकी शिकवून झाली होती आणि ५२ वजा २७ चं उत्तर बऱ्याच जणांनी ३५ लिहिलं होतं. एरवी लाल फुली मारून, "लक्ष दे" असा शेरा लिहून मी पुढची वही ओढली असती. त्या दिवशी कंटाळा आला म्हणून की काय, चुकलेल्या वह्या उत्तरांप्रमाणे वेगळ्या लावल्या. ३५ ची चवड सगळ्यांत उंच झाली. इतकी मुलं एकाच चुकीच्या उत्तरावर पोचतात, तेव्हा लक्ष नसल्याची सबब टिकत नाही. त्यांची काहीतरी रीत असणार.

माझा तर्क असा, की मुलं लहान-मोठं बघून वजा करतायत. दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन, उरले पाच. पाचातून दोन गेले, उरले तीन. झाले ३५. तर्कावर मी खूश होते. पण दोघा-तिघांना जवळ बसवून उदाहरण मोठ्याने सोडवायला लावलं, तर एका मुलीने व्यवस्थित हातचा घेतला, बारातून सात वजा करून पाच लिहिले, आणि दशकातला एक कमी करायला विसरली. तिचंही उत्तर ३५! दुखणी दोन, लक्षण एकच, आणि माझ्या उदाहरणाला त्यातला फरक दिसतच नव्हता. दुसऱ्या दिवशी ५३ वजा २७ दिलं. उलटी वजाबाकी करणाऱ्यांचं ३४ आलं, एक कमी करायला विसरणाऱ्यांचं ३६. एक अंक बदलल्याबरोबर कुणाला काय शिकवायचं ते कळलं. संशोधनाच्या पुस्तकांत याला साधनाची सप्रमाणता म्हणतात, म्हणजे जे मोजायचंय तेच मोजलं जातंय ना. व्याख्या मला पाठ होती. कळली त्या दिवशी.

"पण हे एवढंसं, याला संशोधन म्हणायचं का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. म्हणायचं. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ च्या आपल्या लेखात 'कृतिसंशोधन' मांडलं ते याच वळणाचं होतं. योजना करा, ती अमलात आणा, काय झालं ते तपासा, त्यावरून पुढची योजना करा. अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये ते शाळांच्या कामाशी जोडलं, आणि ब्रिटनमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्ये शिक्षकानेच संशोधक व्हावं असं ठामपणे मांडलं. हे संशोधन तुमच्या वर्गापुरतं असतं. तीस मुलांवरून जगभरच्या मुलांबद्दल निष्कर्ष काढू नका, एवढं पथ्य पाळलंत की झालं. आणि हो, लिहिताना मुलांची नावं घालू नका. हा नियम सांगावा लागू नये, पण लागतो.

आता माझी फजिती. एकदा चाचणीत सगळ्यांत कमी गुण मिळालेली बारा मुलं निवडून दोन आठवडे जादा तास घेतले. पुन्हा चाचणी घेतली, गुण वाढले. मी स्टाफरूममध्ये आनंदाने सांगत सुटले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "ज्यांना घेतलं नाहीत त्यांचं काय झालं?" बाराजणांइतकेच कमी गुण असलेल्या आणखी पाच मुलांना जादा तासाला थांबता आलं नव्हतं. त्यांचे गुण काढून पाहिले, तर तेही जवळपास तितकेच वाढलेले. नेहमीच्या तासांनी थोडं काम केलं असेल. शिवाय एखाद्या दिवशी अगदी तळाला गेलेला मुलगा पुढच्या वेळी बहुधा थोडा वर येतोच, कारण पहिल्या वेळच्या गुणांत त्या दिवसाच्या दुर्दैवाचाही वाटा असतो. फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलं यांच्या उंचीवरून हे सरासरीकडे परतणं दाखवलं होतं. त्यामुळे कुणी नुसती पूर्वचाचणी-उत्तरचाचणी, म्हणजे उपायाआधीचे आणि नंतरचे गुण, दाखवली, की मी आधी तुलनेचा गट शोधते. मदतीपासून कुणाला वंचित ठेवायचं नसेल तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना आधी घ्या, उरलेल्यांना दोन आठवड्यांनी. पहिल्यांचे तास संपले आणि दुसऱ्यांचे सुरू व्हायचेत, तेव्हा दोघांची चाचणी घेतली की खरं काय ते दिसतं.

दुसऱ्यांचं संशोधन वाचायचं ते आपल्या वर्गात पडताळता यावं म्हणून. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. ते तीन सेकंद थांबले, की मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारीही बोलू लागतात. मला वाटलं, मी तर पुष्कळ थांबते. फोनवर माझाच तास रेकॉर्ड करून घरी ऐकला. सातव्या मिनिटाला मी प्रश्न विचारते आणि उत्तरही मीच देते, मधे श्वाससुद्धा घेत नाही. पुढचं ऐकवेना, पण ऐकलं आणि वहीत सेकंद मांडत गेले.

तर विषय. येत्या आठवड्यात चुकीच्या उत्तरांची एक चवड वेगळी काढा आणि ती घेऊन या. शीर्षक कितीही लांबलचक लागू दे, ते आपण बसून ठरवू.