किती मिळतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून

हीटिंग-कूलिंगच्या टेक्निशियनला कुठल्या भागात जास्त पैसे मिळतात, हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की हल्ली मी उलट विचारतो: पैसे कशाचे? तासाचे, कॉलचे, की विकलेल्या मशीनचे? यावर ठरलेलं उत्तर येतं, "टाळू नका, आकडा सांगा."

घ्या आकडा. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याच्या मे २०२४ च्या हिशेबात या धंद्यातली मधली वार्षिक कमाई ५९,८१० डॉलर आहे, म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त. तळाच्या दहा टक्क्यांना ३९,१३० पेक्षा कमी, वरच्या दहा टक्क्यांना ९१,०२० पेक्षा जास्त. एकच देश, एकच काम, आणि वरच्या-खालच्यात दुपटीहून जास्त अंतर. शिवाय या पाहणीत ओव्हरटाइम धरत नाहीत आणि स्वतःचा धंदा करणारेही धरत नाहीत. म्हणजे भर सीझनमध्ये रात्री अकराला छतावर चढून जो पैसा कमावला, तो त्यात नाहीच. अशा आकड्यांवरून तुम्ही पोराला कुठे पाठवायचं ते ठरवणार?

भागाने फरक पडत नाही, असं मी म्हणत नाही. कडक उन्हाळा आणि कडक हिवाळा दोन्ही असलेल्या ठिकाणी वर्षात दोन सीझन मिळतात. हवा सौम्य असेल तर लोक खिडकी उघडतात आणि फोन वाजत नाही. समुद्रकाठी खाऱ्या हवेने आउटडोअर युनिटची कॉइल सडते, गॅस लीक होतो, काम येत राहतं. पण हॉस्पिटलच्या चिलरवर, म्हणजे अख्खी इमारत गार ठेवणाऱ्या मोठ्या मशीनवर, किंवा कोल्ड स्टोरेजवर असलेल्या माणसाला ऋतूचं फारसं देणंघेणं नसतं. आणि ज्या शहरात दर जास्त, तिथे घरभाडंही जास्त, दोन कॉलमधला ट्रॅफिकही जास्त. गाडीत बसलेल्या तासाचे पैसे मिळतात का, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

मी स्वतः जास्त दराच्या भागात गेलो होतो. पगार बेताचा, पण मशीन विकलं की त्यावर टक्केवारी. चांगले पैसे मिळाले, खोटं कशाला बोलू.

तिथली हिवाळ्यातली एक रात्र. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारं गॅसवरचं मशीन, मधेच बंद पडत होता. घरात हवा ढकलणारा ब्लोअर सुरू झाला की बर्नरची ज्योत फडफडायची. कॅमेरा आत घातला, तर हीट एक्स्चेंजरला, म्हणजे जळलेला गॅस आणि घरातली हवा वेगळी ठेवणाऱ्या धातूच्या भागाला, वळणाजवळ उभा तडा. अशा तड्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येऊ शकतो. त्याला ना रंग, ना वास. मी त्यांना स्क्रीनवर तडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारलं, "नवीन बसवलं तर तुला किती मिळणार?"

मी सांगितलं. जेवढे मिळणार होते तेवढेच.

"मग बरोबर आहे," ते म्हणाले.

आदल्या उन्हाळ्यात कोणीतरी त्यांच्या एसीचा चांगला कॉम्प्रेसर मेला म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्याने येऊन कपॅसिटर हा छोटा भाग बदलला, मशीन चालू. आता या माणसाने माझ्यावर का विश्वास ठेवावा? मी गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला, धोक्याचा टॅग लावला, मुलाकडे झोपायला जा म्हणून विनवलं. ते म्हणाले, दुसरा माणूस बोलावून बघतो. त्यांनी कागदावर सही केली नाही. बायको आतल्या खोलीत ब्लँकेट पांघरून बसलेली दिसत होती. ऑफिसचा फोन आला, पुढचा कॉल तयार होता. मी निघालो. त्यांनी माझ्यामागे व्हॉल्व्ह उघडला की नाही, मला कळलं नाही. आणि खरं सांगायचं तर गाडीत बसल्यावर पहिला विचार त्या दोघांचा आला नाही. विक्री गेली, हा आला.

त्या सीझननंतर मी तासाच्या पगारावर, कमी दराच्या भागात आलो. याला तत्त्व वगैरे म्हणू नका. टक्केवारीवर सचोटीने काम करणारे कितीतरी जण मी पाहिलेत, आणि तासाच्या पगारावर दिवसभर गाडीत झोपणारेही. तेव्हाचा मी आजही भांडतो माझ्याशी: तडा खरा होता ना? फोटोही दाखवला होतास ना? मग पैसे घेतले असते तर काय बिघडत होतं? काहीच नाही. पण पगार बांधलेला असता तर त्यांनी ऐकलं असतं, असं मला वाटतं. यावर तो हसतो. म्हणतो, म्हातारा हट्टी होता, तू फुकट बसवून दिलं असतंस तरी संशय घेतला असता.

तर त्या भागात दर जास्त आहे का? आहे. परवाच तिथून फोन आला होता, आता टक्केवारी वाढवलीय म्हणे. मी अजून नाही म्हटलेलं नाही.