पिवळे कॅलिपर की बिडाची डिस्क?

गाडीच्या ऑर्डर फॉर्मवर ४५० क्रमांकाची एक चौकट होती. तिच्यात खूण केली की ब्रेकचे लाल कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला आवळणारे चिमटे, जाऊन पिवळे येतात, लोखंडी डिस्क जाऊन कार्बन-सिरॅमिकच्या येतात आणि बिलात काही लाखांची भर पडते. पोर्श ७१८ केमन जीटी४ घ्यायची हे ठरवायला मला सहा वर्षं लागली होती. या एका चौकटीवर आणखी तीन आठवडे अडून बसलो.

खरं तर मला पिवळेच हवे होते. कारण विचाराल तर भीती.

आधीच्या वर्षी जुनी सेडान घेऊन ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर गेलो होतो. ५.१२५ किलोमीटरची फेरी, १६ वळणं. तिसऱ्या आणि चौथ्या वळणामध्ये एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. एरवी वरळी ते दादर चाळीस मिनिटं घेणाऱ्या माणसाला तिथे काय होत असेल ते सांगायला नको. तिसऱ्या सेशनला त्या पट्ट्याच्या शेवटी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल लोण्यात रुतावं तसं खाली गेलं. घाईघाईने दोनदा मारलं, तेव्हा थोडं हाताला, म्हणजे पायाला, लागलं. गाडी वळणाबाहेरच्या मोकळ्या डांबरावर जाऊन थांबली. गाडीला ओरखडाही नाही. मी मात्र पिटमध्ये अर्धा तास नुसता पाणी पीत बसलो होतो.

तेव्हाच ठरवलं, पुढची गाडी सिरॅमिकची. शोरूममधला मुलगाही म्हणाला, ‘सर, ट्रॅकवर जाणार असाल तर प्रश्नच नाही.’

प्रश्न निघाला तो अंधेरीच्या गॅरेजमध्ये. तिथले मेकॅनिक काका साठीचे आहेत आणि कुणाच्याही गाडीचं कौतुक करत नाहीत. त्यांना मी ती हकिगत रंगवून सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, ‘ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?’

‘दोन पावसाळे झाले असतील.’

‘मग डिस्कला कशाला शिव्या घालताय?’

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. मुंबईत जुलैमध्ये मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तिथे ऑइलच्या टाकीने कोरडं राहावं ही अपेक्षाच चुकीची. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पेडल खाली गेलं ते त्यामुळे. ‘सिरॅमिकला काय वेगळं ऑइल लागतं?’ काकांनी विचारलं. अर्थात नाही. डिस्क कसलीही असो, नळीतलं ऑइल तेच. म्हणजे ज्या भीतीपोटी मी लाखो रुपये घालायला निघालो होतो, तिच्यावरचा उपाय काही हजारांच्या बाटलीत होता.

मग मी रीतसर अभ्यासाला बसलो. दीड टनाची गाडी ताशी २३० वरून ९० वर आणताना जी उष्णता तयार होते, तिच्यावर जवळजवळ ९ लिटर पाणी उकळेल. लग्नघरातला टोप डोळ्यांसमोर आणा. तोही चारपाच सेकंदांत, आणि प्रत्येक फेरीत पुन्हा. ही उष्णता कुठे जिरवायची, एवढाच ब्रेकचा प्रश्न. एका दमात गाडी थांबवायची तर लोखंडी आणि सिरॅमिक दोन्ही डिस्क सारख्याच अंतरात थांबवतात, कारण शेवटी गाडी टायर थांबवतो. हे मला माहीत असायला हवं होतं, नव्हतं.

लोखंडी डिस्कना आपण स्टीलचे ब्रेक म्हणतो, पण ते स्टील नव्हेच. ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ज्याचा घरात तवा असतो तेच. त्याच्या पोटातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता भराभर पसरते आणि थरथर दबते. आणि सिरॅमिक म्हणजे कपबशीची चिनी माती नव्हे. कार्बनच्या तंतूंमध्ये वितळलेलं सिलिकॉन मुरवून सिलिकॉन कार्बाइड करतात, ज्याचे धारेचे दगड होतात ते. वजन बिडाच्या जवळजवळ निम्मं. चाकाजवळचं वजन उतरलं की गाडी खड्ड्यावरून आणि वळणात हलकी होते, हा फायदा खराच आहे. फॉर्म्युला वनच्या ब्रेकशी त्याचं नातं मात्र दूरचं. ते कार्बन-कार्बन, वेगळंच प्रकरण.

मग सिरॅमिकचं ट्रॅकवर नडतं कुठे? सतत तापत राहिलं की त्यातला कार्बन हवेत हळूहळू जळत जातो. डिस्कची जाडी दिसायला तेवढीच, पण वजन घटतं. म्हणून त्या डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं. ती झिजली का हे पाहायला काढून काट्यावर ठेवावी लागते. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी पॅड, म्हणजे कॅलिपरमधल्या डिस्कवर घासणाऱ्या पट्ट्या, अर्धे झाले की बदलावेत, असा सल्लाही दिला जातो, कारण पॅडच उष्णता अडवतो. शिवाय चाक काढताना रिम कडेला ठेचली तर कपचा उडू शकतो. चाक उतरवताना मार्गदर्शक पिना लावायच्या असतात. हायवेवर रात्री अकराला पंक्चर झालं तर पंक्चरवाल्याला मी हे सगळं कोणत्या तोंडाने समजावणार होतो, देव जाणे. चारही डिस्क बदलायची वेळ आली तर त्या पैशांत एक नवी छोटी गाडी दारात उभी राहते.

एक मधला मार्ग होता. सिरॅमिकची गाडी घ्यायची, त्या डिस्क खोक्यात घालून ठेवायच्या आणि ट्रॅकसाठी लोखंडी बसवायच्या. गाडी विकताना पुन्हा सिरॅमिक. परदेशात लोक करतात. पण जीटी४ला सिरॅमिक पुढे ४१० मिलिमीटर आणि मागे ३९० येतात, लोखंडी चारही ३८०. म्हणजे सिरॅमिकच्या मापाच्या लोखंडी डिस्क घ्यायच्या तर त्या आणखीच जड. बायकोने हे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणि ती चार खोकी कुठे ठेवणार आहेस? माळ्यावर? गणपतीची मखर काढू का तिथून?’ विषय संपला.

कोल्हापूरला मामांकडे गेलो तेव्हा सहज विषय काढला. मामांची हयात शिरोलीच्या फौंड्रीत गेली. फोनवर मी त्यांना पिवळ्या कॅलिपरचा फोटो दाखवला.

‘झ्याक हाय. पन लेका, हे मोडायला झालंय हे तुला कळनार कसं?’

‘वजन करायचं मामा.’

‘आनि बिडाचं?’

‘जाडी मोजायची. भेगा दिसतात.’

‘मग?’

मामा ‘मग’ एवढंच म्हणाले आणि चहा बशीत ओतला. मी वाद घातला असता, पण त्याच्या आदल्या रात्रीच एक गोष्ट माझ्या वाचनात आली होती. याच गाडीचं कंपनीने काढलेलं शर्यतीचं रूप, क्लबस्पोर्ट, ३८० मिलिमीटरच्या लोखंडी डिस्कवरच धावतं. म्हणजे बनवणाऱ्यांनीच शर्यतीला बीड निवडलं होतं.

एक कबुली देतो. मुंबईत राहून ट्रॅकवर कधीच न जाणाऱ्याला मी सिरॅमिकच सांगेन. खाऱ्या हवेत तिला गंज नाही, रिमवर काळी भुकटी नाही, नुसत्या रस्त्यावर ती वर्षानुवर्षं टिकते. ट्रॅकसाठी म्हणून विकली जाणारी वस्तू कोस्टल रोडवर जास्त सुखाने नांदते, ही यातली गंमत. मी ४५०ची चौकट रिकामी सोडली. वाचलेल्या पैशांतून दोन वर्षांचे ट्रॅकचे पॅड, जास्त तापमान सोसणारं ब्रेक ऑइल आणि नोएडापर्यंतचं ट्रकचं भाडं निघालं. ऑइल आता पावसाळा संपला की बदलतो, आणि ट्रॅकच्या आठवड्यात पुन्हा ब्लीड करतो, म्हणजे नळीतले बुडबुडे काढून टाकतो.

त्रास झाला नाही असं नाही. जूनमधली पहिलीच सर आली आणि दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये डिस्क काविळीसारख्या पिवळ्या पडलेल्या. वॉचमन म्हणाला, ‘साहेब, नवीन गाडी ना ही?’ पहिल्या दोन ब्रेकला गंज घासून जातो, पण चरचर ऐकून जीव कासावीस होतो. त्याहून वाईट ट्रॅकचे पॅड. परतल्यावर आळसाने काढले नाहीत आणि प्रभादेवीच्या सिग्नलला गाडी अशी किंचाळली की रांगेतल्या आजींनी कानांवर हात ठेवले. आता परत आलो की आधी पॅड बदलतो, मग जेवतो.

चौथं वळण मात्र आता वेगळं आहे. पाचव्या सेशनलाही पेडल पहिल्याइतकंच वर असतं.

दुसऱ्या हंगामाअखेर पुढच्या डिस्कच्या भोकांभोवती केसासारख्या भेगा दिसू लागल्या. काकांनी नखाने चाचपून पाहिल्या, त्यातली एक भोकापासून कडेपर्यंत पोचत आली होती. दोन्ही बदलल्या. काढलेल्या डिस्क गाडीत टाकून कोल्हापूरला नेल्या. मामांनी चष्मा लावला, एक डिस्क दोरीला अडकवून उचलली आणि हातोडीने हळूच टक् केलं.

‘बद्द वाजतंय,’ ते म्हणाले. ‘ठेव हितं. सोमवारी भट्टीत जाईल.’