काकूंच्या पोळीची घडी

ठाण्याच्या नौपाड्यात, राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत एका काकूंचं पोळी-भाजी केंद्र आहे. त्यांचा लोगो मी करणार होते. त्यात काय काय हवं याची त्यांनी यादीच दिली: पोळपाट, लाटणं, वाफाळती वाटी, तुळस, शिवाय नातीचा फोटो. मी त्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही. दुपारभर काउंटरपाशी बसले. गिऱ्हाईक बघतं काय? तव्यावरून उतरलेली पोळी आणि तिची घडी, कडेला जराशी सुटलेली. तेवढी घडी मी घेतली. बाकी सगळं सोडलं. काकू थोड्या हिरमुसल्या, पण ऐकलं त्यांनी.

खरा वेळ गेला अक्षरांवर. देवनागरीला शिरोरेषेच्या वर आणि खालीही जागा लागते. 'पोळी' लहान आकारात छापली की मात्रा नि वेलांटी गिचमिड होतात आणि 'ळ'ची गाठ काळी पडते. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, मुक्त परवान्याचा 'मुक्ता' फॉन्ट घेतला आणि 'ळ'ची पोकळी हाताने मोठी केली. या एका अक्षरावर दोन संध्याकाळी गेल्या, आणि जायलाच हव्या होत्या.

महाराष्ट्राच्या दुकानांविषयीच्या कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीपासून लहान दुकानांनाही पाटी देवनागरीत, मराठीत लागते. दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठी अक्षरांहून मोठी चालत नाहीत. म्हणून इंग्रजी नाव खाली, बारीक.

मग बिलावरचा एकरंगी रबरी शिक्का, व्हॉट्सॲपचा गोल डीपी, डब्यावरचं स्टिकर, सगळीकडे छापून पाहिलं.

पाटी लागली त्या संध्याकाळी काकू समोरच्या फुटपाथवर गेल्या, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि मोठ्याने नाव वाचलं.