अकरा नंबरचा दगड पालथा होता!

मंडळी, सुटलं एकदाचं. मागच्या तीन नोंदींत ज्याच्या नावाने मी खडे फोडले, तो आपल्या ख्रिस्ती कबरस्तानातला अकरा नंबरचा दगड. त्याच्यावरची लायकेनची (दगडफुलाची) चकती त्याच्या वयाला शोभतच नव्हती. खरं तर खडे माझ्याच नावाने फोडायला हवे होते. ते पुढे येतंच.

आधी आकडे पुन्हा देते. अकरा नंबर : काळा पाषाण, साल १८८९, सगळ्यांत मोठी चकती ३१ मिमी. सोळा नंबर : तोच पाषाण, तीच रांग, तोंडही उत्तरेलाच, साल १९२६, चकती ५२ मिमी. म्हणजे सदतीस वर्षांनी धाकटा भाऊ अंगाने थोरल्याच्या दीडपटीहून जास्त. बाकी रांगेत दगड जितका जुना तितकी चकती मोठी, एवढं सरळ चाललेलं. हा एकच आडमुठा.

पहिला संशय जातीवर होता. दोन वेगळी करडी लायकेन मी एकच समजत असेन, असं वाटलं. म्हणून दोन्हींच्या कडेचा मोहरीएवढा कण घेऊन (अक्षरांपासून लांबून, कण स्लाइडवर, दगडावर थेंब अजिबात नाही) के टेस्ट (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून रंग बघायचा) केली. दोन्हीकडे पिवळं. रसायन बिघडलंय का बघायला चुन्याच्या सांध्यातल्या नारिंगी लायकेनच्या कणावर एक थेंब टाकला, तर क्षणात गर्द जांभळं. हे मी रोज बघू शकते. भिंगाखालीही दोन्ही सारखीच. भिंगावरून सांगते, ऑनलाइन ४०× छापलेलं मागवू नका. माझं जेमतेम दहापट निघालं, वर कडेला इंद्रधनुष्य. शेवटी मेन रोडला एका घड्याळजीकडून जुनं भिंग घेतलं, त्याला तोड नाही. आणि सी टेस्टचं ब्लीच दर वेळी ताजं घ्या, महिन्यापूर्वीच्या बाटलीवर विसंबून मी एक अख्खा रविवार घालवला आहे.

मग सावलीवर संशय. अकरावर चाफ्याची फांदी येते. पण बारावरही येते आणि बाराची चकती वयाला शोभेल अशी आहे. मग सुरवंट. लायकेन खाणाऱ्या पतंगांचे ते केसाळ सुरवंट सप्टेंबरात मला दगडावरच सापडले होते, चकतीच्या कडा कुरतडून नागमोडी रस्ता पाडत चाललेले. (दोन तास उकिडवी बसून काढलेले फोटो. पाय गेले, पण काय फोटो आलेत!) पण कुरतडलेली कड दिसते, आणि अकराची कड अखंड.

मग वाटलं, कोरलेलं साल मृत्यूचं, दगड कदाचित पन्नास वर्षांनी नातवाने बसवला असेल. पाळकसाहेबांनी दफनाची वही दाखवली. वहीत माणूस कधी पुरला ते असतं, दगड कधी उभा केला ते नसतं. तिथे मी हात टेकले होते.

गेल्या रविवारी राखणदार काका विळा परजत आले. मी पुन्हा अकरासमोर कॅलिपर घेऊन.

"ताई, याच्यात काय एवढं बघता?"

मी सांगितलं, काका, हा दगड जुना आहे पण वरचं दगडफूल लहान आहे.

"मग असणारच की. हा पालथा पडलेला होता किती वर्षं. गोदेच्या मोठ्या पुरानंतर आमच्या वडलांनी चार माणसं लावून उभा केला."

पालथा! तोंड मातीत. ऊन नाही, उजेड नाही, तर लायकेन वाढणार कशावर? काकांचा मोठा पूर म्हणजे १९६९ चा. तिथेच वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. सोळा नंबर : ५२ मिमी, ९९ वर्षं, म्हणजे वर्षाला साधारण ०.५३. त्या हिशेबाने ३१ मिमीला ५९ वर्षं, म्हणजे १९६६. तीन वर्षं आधी! पण चकती कोवळी असताना वेगाने वाढते, पुढे मंदावते, त्यामुळे ३१ ला लागलेली वर्षं प्रत्यक्षात कमीच असणार आणि साल पुढे सरकणार. रुजायला किती वर्षं गेली ते धरलं तर साल उलट मागे येईल, तेव्हा हे जमलं म्हणून फार नाचत नाही. थोडी नाचले.

पडताळा कसा घ्यायचा? पडलेल्या दगडाची पाठ तर आभाळाकडे होती. मग पाठीवरची चकती पहिल्यापासूनची हवी. अकराची पाठ कुंपणाकडे, मध्ये घाणेरीची जाळी. तीन वर्षं मी पुढूनच बघत बसले, एकदाही मागे गेले नाही! ओरखडे घेत हात घातला : ६४ मिमी. सोळापेक्षा मोठी. एका दगडाची दोन वयं.

आता सगळा बेतच बदलतोय. या महिन्यात उरलेले दगड पुढूनच मोजून संपवणार होते. आता सगळे सदतीस पुढून-मागून मोजायचे. जिथे पुढचं-मागचं जुळत नाही तो दगड कधीतरी पडला, हलवला किंवा घासला गेला. ऑस्ट्रियात लायकेनचे अभ्यासक बेशेल यांनी १९५० च्या सुमारास कबरींच्या तारखांवरून लायकेनचा वेग काढायला सुरुवात केली, आपण उलट्या बाजूनेही जाऊ : लायकेनवरून दगडाची कहाणी. हे लिहिता लिहिता सुचलं, आडवे पडलेले चार दगडही धरू. त्यांचं चकती आणि वयाचं कोष्टक मात्र वेगळं ठेवावं लागेल, आडव्यावर पाणी थांबतं.

पक्क्या तारखेवरून आठवलं. नाशिकच्या शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइटने १८७३ मध्ये आफ्रिकेत, मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टनचं काळीज पुरलं त्या झाडावर नाव आणि तारीख कोरली होती. दगडावर कोरली असती तर मी तिकडेही कॅलिपर घेऊन गेले असते.

बाकी किरकोळ : भुईचक्र यंदा सहा नंबरच्या पायथ्याशी फुललं, काकांचा विळा यायच्या आत. पिंगळ्याची जोडी चिंचेच्या ढोलीतच आहे.

धास्ती दोन नोव्हेंबरची, मृतांच्या स्मरणदिनाची आहे. लोक आपल्या माणसांना भेटायला येतात, कबरी घासतात, त्यांचा हक्कच आहे, आपण तिथे पाहुणे. पण चौदा नंबरचा संगमरवर कुणीतरी आधीच ॲसिडने धुतला. लायकेन गेलंच, अक्षरांच्या कडाही विरघळल्या, कारण संगमरवर आणि ॲसिडचं जमतच नाही. काकांनी कबूल केलंय की विचारणाऱ्याला साधं पाणी आणि काथ्याचा ब्रश सुचवतील.

येत्या रविवारी साडेसहाला भेटू. दगड कोरडे असतील तरच मोजू, ओले झाले की करडं हिरवं होतं आणि कड फसवते. घाणेरी तोडायची नाही, तिच्यात बुलबुलाचं घरटं आहे. सुतळीने बाजूला बांधू. सुतळी मी आणते, हातमोजे ज्याचे त्याने.